अल्लद चेंडू

श्पिरो सिंकपाशी एका पायावर उभा राहून दात घासत होता. उजवा पाय गुडघ्यात दुमडलेला, डावा हात हवेत, तोंडात ब्रश. शेगडीपाशी दिंका ब्लित्वाच्या पालेभाजीची पानं देठांपासून वेगळी करत होती. ती पाठमोरी होती, तरी तिला सगळं कळत होतं, कारण तोल जाऊ लागला की नवऱ्याचा श्वास मध्येच अडकायचा.

“काठाला धर,” ती म्हणाली.

तोंडात फेस असल्यामुळे त्याने नुसती मान हलवली, आणि मान हलवल्यामुळेच त्याचा तोल गेला. पाय खाली टेकला.

“तू बोललीस म्हणून पडलो.”

“पडला नाहीस. पाय टेकलास.”

“तेच ते,” असं म्हणून त्याने चूळ भरली आणि दुसरा पाय उचलला.

नोव्हेंबरात त्याच्या हृदयात स्टेंट बसवला होता. तोपर्यंत श्पिरोला व्यायाम हा शब्द फक्त वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर भेटायचा. जहाजांच्या कारखान्यात आयुष्यभर वेल्डिंग केलेला माणूस. खारवलेलं मांस, मेंढीचं चीज आणि नुसतं पाणी दाखवलेली वाइन यांच्यावर त्याचा पिंड पोसलेला. आता तो सकाळी मार्यान टेकडीच्या पायऱ्या चढायचा, ताटातल्या ब्लित्वाकडे तोंड वाकडं न करता बघायचा, आणि दिंकाने मीठ वरच्या फळीवर लपवलंय हे ठाऊक असूनही त्या फळीकडे हात नेत नव्हता. ईस्टरच्या सकाळी त्याने हॅमची बशी बाजूला सारून कांद्याची पात पुढे ओढली, तेव्हा मुलगी आणि जावई एकमेकांकडे बघत राहिले होते. बाबांना शेवटी तब्येतीचं महत्त्व पटलं, असं मुलगी आईच्या कानात म्हणाली. दिंकाला खरं कारण ठाऊक होतं. श्पिरोला तब्येतीशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला खाडीत परत जायचं होतं.

समुद्रकाठच्या स्प्लिट शहराच्या पोटाशी वाळूची एक उथळ खाडी आहे. तिथे पाच जण गोल करून पाण्यात उभे राहतात आणि लव सोलून काढलेला टेनिसचा चेंडू तळव्याने मारून एकमेकांकडे पाठवतात. चेंडू पकडायचा नाही, पाण्यात पडू द्यायचा नाही. पित्सिगिन म्हणजे एवढंच. गुण नाहीत, हार नाही, जीत नाही. जानेवारीच्या गारठ्यातसुद्धा खेळतात आणि त्यावरून एकमेकांचे वाभाडे काढतात. श्पिरो, विंको, लोव्रे, निक्शा आणि याकोव हे पाच जण कारखान्याला कुलूप लागायच्या आधीपासून एकत्र खेळत होते. विंको वजनदार, म्हणून तो एका जागी रोवून उभा राहायचा. त्याला सगळे खांब म्हणत. बाकीचे चौघे पळायचे, त्यात सगळ्यांत जास्त श्पिरो. लांबच्या चेंडूसाठी तो पाण्यावर आडवा झेपावायचा तेव्हा वरच्या रस्त्यावरचे लोक कठड्याशी येऊन उभे राहत.

या मंडळींचा एक रिवाज होता आणि तो कुणी कधी तोंडाने सांगितलेला नव्हता. तुझं वय झालं, आता पुरे, असं कुणी कुणाला म्हणत नसे. फक्त चेंडू अल्लद यायला लागायचा. पळावं लागू नये, हातही लांबवावा लागू नये, असा बरोब्बर तळव्यावर आणून ठेवलेला. ज्याला तो मिळाला त्याला कळायचं. बेपो नावाचा त्यांचा जुना गडी होता, विंकोच्या आधीचा खांब. एका सकाळी त्याला असे दोन-तीन चेंडू मिळाले. त्याने ते नीट परत मारले, बाहेर आला, पाय पुसले, टॉवेलमधली वाळू झटकली, “बरंय मंडळी,” म्हणाला आणि घरी गेला. मग तो गॅलरीतल्या खुर्चीत बसला. पुढच्या वर्षी बदाम फुलायच्या आत गेला. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी काहीतरी लॅटिन लिहिलं. खाडीवर सगळ्यांचं मत एकच होतं, की बेपोला खुर्चीने खाल्लं.

म्हणूनच श्पिरो इस्पितळात असताना दिंकाने पहिलं काम केलं ते खुर्चीचं. त्यांच्याही गॅलरीत एक होती, लाकडी हातांची, निळ्या कापडाची, पाठ टेकली की उठावंसं वाटू नये अशी. तिने विंकोला बोलावून ती उचलून न्यायला सांगितली. श्पिरो घरी आला, गॅलरीचा रिकामा कोपरा बघून म्हणाला, “खुर्ची कुठाय?”

“मोडली.”

“रिकामी असताना?”

“पाय हलत होता. टाकून दिली,” ती म्हणाली आणि त्याच्या गोळ्यांची डबी उघडून बसली.

ईस्टरनंतर डॉक्टर हो म्हणाले. पाणी पोटऱ्यांपर्यंत, सूर मारायचा नाही, धाप लागली की बाहेर. श्पिरोने हे सगळं मान डोलावत ऐकलं आणि येत्या सोमवारी जायचं ठरवलं. शनिवारी दिंका मासळी बाजारात जाते म्हणून निघाली ती खाडीवरच्या कॉफीच्या दुकानात गेली. खेळ आटपून चौघेही तिथे बसले होते, मिठाने केस ताठ झालेले. खाडीकडे जाणारा जिना उतरताना ती एका बाजूने, कठड्याला धरून उतरली; दोन वर्षांपासून तिचं कंबरेचं हाड दुखत होतं, पण त्या घरात सध्या दुखण्याची पाळी श्पिरोची होती.

“बसा, शोरा दिंका,” निक्शा खुर्ची ओढत म्हणाला. पाचांत तो सगळ्यांत धाकटा, साठीचा, दातांचा डॉक्टर. मान देऊन बोलणारा तेवढाच एक.

“बसायला नाही आले. सोमवारी श्पिरो येतोय.”

चौघांनी एकदम कॉफीत बघितलं.

“डॉक्टरांना विचारलंस?” लोव्रे म्हणाला. लोव्रे शिंपी होता आणि कुणाशीही बोलताना त्याची नजर समोरच्याच्या खांद्यांचं माप घेत असे.

“विचारलं. पोटऱ्यांपर्यंत पाणी चालेल म्हणाले.”

“मग आम्ही घेऊ सांभाळून,” निक्शा म्हणाला. “तुम्ही काळजी करू नका.”

“तेच सांगायला आलेय. सांभाळायचं नाही.”

विंकोने साखरेची पुडी फाडता फाडता तशीच धरली.

“त्याला चेंडू अल्लद टाकायचा नाही,” दिंका म्हणाली. “एकसुद्धा नाही. पूर्वी टाकायचात तसा टाका.”

“आणि नाही पोचला तर?” विंकोने विचारलं.

“तर पाण्यात पडेल. पाणी काय फुटणार आहे?”

“दिंका, तुला नाही कळायचं,” लोव्रे म्हणाला. “आपला चेंडू पडत नाही. लोक वर उभे राहून बघतात, ते काय आमची थोबाडं बघायला?”

“बेपोच्या वेळी नव्हता पडला. माहितेय मला.”

याकोव, जो एरवी दिवसाला दोन वाक्यं बोलायचा, म्हणाला, “आणि शिव्या?”

“द्यायच्या. डॉक्टरांनी शिव्या बंद केलेल्या नाहीत.”

ती जायला वळली तेव्हा विंको हळूच म्हणाला, “ती खुर्ची मात्र झकास आहे हां, दिंका. पाठीला फार आराम पडतो. मी तर टीव्हीसमोरून हलतच नाही.”

“त्याच्यासमोर तिचं नाव काढू नकोस.”

“काढतोय कुठे? आपलं तुला सांगितलं.”

सोमवारी दिंका वरच्या रस्त्यावरच्या बाकावर बसली. मांडीवर विणकाम होतं, पण ते नुसतं दाखवायला. तिथून खाली बघायला कठड्यापर्यंत जावं लागायचं, आणि ती गेली नाही. तिला बघायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत तिचे कान तयार झाले होते. चेंडू तळव्यावर बसला की चापटीसारखा आवाज येई, पाण्यात पडला की डबक्यात दगड पडल्यासारखा. आणि अल्लद चेंडूची चापट मऊ असे. ती तिने बेपोच्या सकाळी ऐकली होती.

त्या दिवशी चापट, चापट आणि मग पाणी. पुन्हा चापट, पाणी. प्रत्येक वेळी लोव्रेचा आवाज वर यायचा: “झोपलास का रे, श्पिरो?” “हात घरी विसरून आला हा.” “अरे, सलाइनची बाटली सोबत आणायची होतीस, ती तुझ्यापेक्षा बरी पळाली असती.” दिंका टाका न घालता सुया हलवत राहिली. तिला इतकं हायसं वाटत होतं की डोळ्यांना पाणी आलं, आणि ते वाऱ्यामुळे आलं असं तिने शेजारी बसलेल्या बाईला न विचारता सांगितलं.

श्पिरो वर आला तेव्हा त्याचे ओठ निळसर पडले होते आणि चेहरा उजळला होता. तिने टॉवेल त्याच्या खांद्यांवर टाकला आणि पाठ खसाखसा पुसली.

“ऐकलंस ना लोव्रेला? गाढव आहे नुसता.”

“किती पडले?”

“मोजतंय कोण? पण टाकतायत, दिंका. पूर्वीसारखेच टाकतायत.”

असे तीन आठवडे गेले. श्पिरो रोज जायचा आणि चेंडू रोज पाण्यात पडायचा. कठड्याशी उभे राहणारे लोक आता दोन-चार मिनिटं थांबून पुढे जाऊ लागले. पलीकडे कॉलेजातल्या पोरांचा एक गट खेळायचा, गर्दी तिकडे सरकली. एका सकाळी मासळी बाजारात सार्डिनच्या टोपल्यांपाशी लोव्रेने दिंकाला गाठलं.

“आता पुरे कर, बाई. हा खेळ नाही राहिला, मासेमारी झाली. जो तो वाकून पाण्यातून चेंडू काढतोय.”

“थोडे दिवस अजून.”

“त्याला कळत नसेल असं वाटतं तुला?”

“कळलं असतं तर तो आलाच नसता,” दिंका म्हणाली. “ओळखते मी त्याला.” आणि तिने सार्डिनवाल्याकडे पिशवी पुढे केली.

ओळखत होती, तरी त्या आठवड्यात तिला काहीतरी खुपत राहिलं. श्पिरो ताटातलं सगळं संपवायचा, पण मध्येच हात उलटा करून तळवा बघत बसायचा. बुधवारी संध्याकाळी तो जाळं विणायची सुई आणायला विंकोकडे गेला. गेला तसा पंधरा मिनिटांत परत आला. सुई टेबलावर ठेवून गॅलरीच्या दारात उभा राहिला, रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून. दिंकाने दुरून विचारलं, “विंको बरा आहे?”

“बरा आहे. जिना चढून आल्यासारखा धापा टाकत होता, आणि दार उघडायला उठला होता फक्त.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाकावर बसली, विणकाम बाहेर काढलं, आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की पाण्याचा आवाज येत नाही. चापट, चापट, चापट. पुन्हा चापट. लोव्रेची शिवी नाही, कुणाचं हसणं नाही. चेंडू हवेतच होता आणि हवेतच राहत होता. दिंकाला भीती वाटली; चापट मऊ आहे की कडक, हे ऐकायलाही ती थांबली नाही. थकले शेवटी. लोव्रेने सगळ्यांना सांगितलं असणार. आता श्पिरो बाहेर येईल, पाय पुसेल, टॉवेल झटकेल. लोकरीचा गुंडा मांडीवरून घरंगळत रस्त्यावर गेला, तो तसाच सोडून ती उठली आणि कंबर धरत कठड्याशी गेली.

खाली श्पिरो विंकोच्या जागी उभा होता. पाय फाकवून, वाळूत रोवून, पाणी पोटऱ्यांपर्यंत. चेंडू त्याच्याकडे अल्लद येत नव्हता. लोव्रेने मारलेला सणसणत त्याच्या छातीवर आला आणि त्याने तो तळव्याने वर उडवला, उंच, निक्शाच्या डोक्यावरून. आणि श्पिरोच्या जागी विंको पळत होता. पळत होता म्हणजे पाणी ढकलत होता, म्हशीसारखा, तोंड लाल करून. याकोवने चेंडू त्याच्या डावीकडे लांब टाकला. विंकोने झेप घेतली. तीस वर्षांत पहिल्यांदा घेतली असेल. त्याचं धूड पाण्यावर आडवं आदळलं, बोटांची टोकं चेंडूला लागली आणि चेंडू कसाबसा वर उठला. कठड्याशी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पाचही जण एकमेकांना अशा शिव्या देऊ लागले की दिंकाच्या शेजारच्या बाईने नातवाला ओढत तिथून नेलं.

घरी येताना श्पिरो सावकाश चालत होता, पण धाप लागलेली नव्हती.

“विंकोला पळायची हौस आली वाटतं?” दिंका म्हणाली.

“हौस कसली. त्याला वजन उतरवायला सांगितलंय.”

“डॉक्टरांनी?”

“मी.”

“आणि तू खांब झालास.”

“कुणीतरी व्हायलाच हवं. नाहीतर चेंडू पडतो,” तो म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाला, “चाळीस वर्षांत लोव्रेने मला कधी डाव्या हाताला टाकला नव्हता. डावा माझा कच्चा आहे, त्याला माहितेय. आणि परवापरवापर्यंत डाव्यालाच टाकत होता. पहिल्या दिवशीच वाटलं मला, कुणीतरी त्याच्या डोक्यात काहीतरी भरवलंय.”

दिंकाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“पहिल्या दिवशी कळलं, तर मग जात का राहिलास?”

“सवय,” श्पिरो म्हणाला. त्यानंतर चढ लागला आणि दोघं सावकाश चढू लागली.

दुपारी तिने सार्डिन भाजल्या, ब्लित्वा आणि बटाटे उकडून त्यांवर चमच्याने मोजून तेल घातलं. श्पिरोने स्वयंपाकघरातले दोन स्टूल उचलून गॅलरीत नेले आणि त्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवले. पाठ नसलेले, टणक स्टूल. बसायला सांगितलं नाही, ताट घेऊन जाऊन आपण बसला. ती दारात घुटमळली. मग तीही जाऊन बसली.

“ती खुर्ची मोडलेली नव्हती,” माशाचा काटा काढत श्पिरो म्हणाला.

“पाय हलत होता.”

“विंकोच्या वजनाने नाही हलत, माझ्या वजनाने काय हलणार होता?”

दिंकाने त्याच्या पेल्यात वाइन ओतली आणि वरून पाणी. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी पडलं. त्याने ते बघितलं आणि पेला जवळ ओढला.

“परत आणूया का?” तिने विचारलं. विचारताना तिचा आवाज तिला हवा होता तितका सरळ निघाला नाही.

“कशाला? विंकोकडे भिंतीशी उलटी टाकून आलोय मी ती. त्याला सांगितलंय, त्यात बसलास तर याकोव तुला पार त्या टोकाला चेंडू टाकेल.” त्याने पाव तोडून ताट पुसून काढलं. “तू मात्र उद्यापासून बाकावर बसू नकोस. कठड्याशी ये. तिथून नीट दिसतं.”

“तिथे तासभर उभं राहवत नाही मला. कंबर धरते.”

श्पिरोने वर बघितलं. “कधीपासून?”

“आहे आपली.”

“कधीपासून, दिंका?”

“दोन वर्षं झाली असतील,” ती म्हणाली आणि ताटं गोळा करून आत गेली.

सिंकपाशी तिने नळ सोडला. ताटं विसळली, पेले विसळले, नळ बंद केला. दुपारी त्या घरात श्पिरोच्या डुलकीची वेळ असते, म्हणून तिने मागे वळून पाहिलं नाही. ओले हात सिंकच्या काठावर ठेवले, थोडी थांबली आणि उजवा पाय जमिनीवरून बोटभर उचलला. कंबरेत कळ आली. बोटं काठावर घट्ट आवळली गेली. तरी तिने पाय खाली ठेवला नाही.

“काठ सोड,” दारातून श्पिरो म्हणाला.

ती दचकली नाही. “पडेन मी.”

“पडणार नाहीस. पाय टेकशील.”

“काही तरीच. या वयात मला शिकवू नकोस.”

“वय काढायचं नाही इथे,” श्पिरो म्हणाला. तो तिला धरायला पुढे आला नाही. दाराच्या चौकटीला टेकून, हात छातीशी बांधून उभा राहिला, आणि लोव्रेच्या सुरात, अजिबात दयामाया न दाखवता म्हणाला, “सोड म्हणतोय ना, म्हातारे. झोपलीस का?”

दिंकाने काठ सोडला.